ज्याचा मांडव, त्याचा नंबर

१८ डिसेंबर, गुरुवार. काम: तालुकास्तरीय कथाकथन स्पर्धेचं परीक्षण. स्पर्धक सव्वीस, परीक्षक तीन. तिसरी मी.

गुणपत्रक हातात आलं तसा मी पर्समधून पेन काढला. संयोजक सर माझ्या मागेच उभे होते. त्यांनी वाकून माझ्या बोटांतून पेन काढून घेतला, टेबलावर ठेवला आणि पेन्सिल दिली. मागच्या टोकाला खोडरबर असलेली.

"मॅडम, तुम्ही पेन्सिलीनंच भरा. मग सरांचे मार्क पाहून पक्के करू."

सर म्हणजे मधल्या खुर्चीतले मुख्य परीक्षक, निवृत्त प्राचार्य. त्यांच्या हातात पेन होता. त्यांच्या पलीकडे हिंगणघाटच्या एका कॉलेजातले प्राध्यापक. त्यांच्याही हातात पेन. पहिल्या रांगेतल्या पोरींनी हे पाहिलं. एकीनं दुसरीच्या कानात काहीतरी सांगितलं.

मी काय केलं? पेन्सिलीचं टोक पाहिलं. बोथट होतं. शार्पनर मागितलं.

अकरा वर्षं मी हे करते आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवते. वय बावन्न. परीक्षक मंडळात एक बाई दाखवावी लागते, आणि एक 'त्यांच्यातलं' कोणीतरी दाखवावं लागतं. माझ्यात दोन्ही भागतं. खुर्ची एक वाचते.

आमच्या भागात या स्पर्धांची एक रीत आहे. ज्याचा मांडव, त्याचा नंबर. ज्या शाळेनं सभागृह दिलं, माईक लावला, पाहुण्यांना जेवू घातलं, तिचा पहिला नंबर. दुसरा-तिसरा ज्याच्या त्याच्या नशिबानं. त्यासाठी एका तरी परीक्षकाचे आकडे खोडता येण्यासारखे लागतात. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. लग्नात मानाचं लुगडं द्यावं तसं ते देतात. दोन वर्षांपूर्वी मांडव आमच्या शाळेचा होता. तेव्हा आमची पोरगी पहिली आली. चांगली बोलली होती, पण पहिली नव्हती. खोडरबर मीच चालवला. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचताना कोणी मला भली समजेल.

दुपारी बाराच्या सुमारास चौदा नंबर आली. स्पर्धकांची नावं परीक्षकांना सांगत नाहीत, छातीवर फक्त नंबर असतो. मला तिचं नाव नंतर कळलं, पण इथं लिहीत नाही. अजून दोन वर्षं तिला याच तालुक्यात शिकायचं आहे. नववीतली. निळा गणवेश, पायात स्लिपर. शेवटच्या रांगेत तिची आई बसली होती, कापूस वेचणीचा रोज पाडून आलेली.

ती माईकपाशी गेली, माईक खाली केला आणि म्हणाली, "माही आजी लई भांडकुदळ होती."

हॉल हसला.

गावात मोठ्या घरचं लग्न. साऱ्या गावाला आवतन, यांच्या मोहल्ल्यालाही. जेवायच्या वेळी सांगितलं, तुमची पंगत शेवटी, तिकडे गोठ्यापाशी. बसले. दोन तास झाले. मग वाढपी आला आणि म्हणाला, पत्रावळी सरल्या, आपापल्या घरून ताटं घेऊन या. आजी घरी गेली. ताट नाही आणलं, भाकरी आणल्या. मोहल्ल्यातल्या साऱ्या बायका तिनं मधल्या रस्त्यावर पंगतीत बसवल्या. संध्याकाळी वरात आली. बँड थांबला. घोडा थांबला. लोक म्हणाले, बाई, उठ.

"आजी म्हणे, जेवणाऱ्याले उठवत नाई, पाप लागते. तुमीच शिकवलं आमाले. आमची पंगत उठली का घोडा जाईन."

हॉल पुन्हा हसला. आणि मग ती पोरगी घास चावू लागली. हातात काही नव्हतं. तोंडात काही नव्हतं. ती चावत राहिली. सावकाश. घोड्याकडे बघत. चार घास झाले, पाच झाले. हॉलमधलं हसू केव्हा गेलं, मला कळलं नाही. पंखे ऐकू येत होते.

मी पन्नासपैकी शेहेचाळीस लिहिले. अकरा वर्षांत इतके कोणाला दिले नव्हते.

स्पर्धकाला प्रश्न विचारायचा नाही, असा नियम होता. तेरा जणांना कोणी काही विचारलं नव्हतं. यजमान शाळेच्या मुलानं तर छापील कथा स्वल्पविरामासकट पाठ म्हटली होती. पण आता प्राचार्यांनी माईक ओढला.

"बाळ, गाव कुठलं तुझं?"

तिनं सांगितलं.

"वडील काय करतात?"

"नाई ते. आई वेचाले जाते."

"ही गोष्ट तुला कोणी लिहून दिली?"



हा प्रश्न माझ्या ओळखीचा होता. मी सातवीत होते. वर्ध्याला वक्तृत्व स्पर्धा होती. विषय पाणी. आमच्या वस्तीची विहीर, गावची विहीर, दोन्हींतलं अंतर, सगळं मी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर तीन संध्याकाळी बसून लिहिलं होतं. कोणाची मदत नव्हती. भाषण झालं. परीक्षकांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. ते शेजारच्याकडे बघून हसले.

"हे भाषण कोणी लिहून दिलं?"

"मी लिहिलं."

"खरं बोल. खोटं बोलणाऱ्याला नंबर नसतो."

मी उभी. समोर दोनशे लोक. मला नंबर पाहिजे होता. मी म्हणाले, "गुरुजींनी."

"बघा," ते हॉलला म्हणाले. हॉल हसला. गुरुजी दाराशी उभे होते. त्यांना ठाऊक होतं. ते काही बोलले नाहीत. परत येताना त्यांनी मला बसस्टँडवर भजी खाऊ घातली. घरी बापानं विचारलं, काय झालं? मी म्हणाले, घसा बसला.

त्या दिवशी मी एक गोष्ट शिकले. त्यांना हवं ते उत्तर दिलं की हॉलमधून लवकर सुटका होते. त्या विद्येवर मी नोकरी केली, खुर्च्या मिळवल्या, पेन्सिली घेतल्या.

चौदा नंबर मात्र म्हणाली, "लिहिली नाई सर कोणी. आजीनं सांगतली, मी मांडली."

"हं. कथा रंजक हवी, बाळ. असं कडवट कशाला? आणि स्टेजवर घरची भाषा बरी दिसत नाही."

"आजी घरचीच हाय ना, सर."

हॉल हसला. या वेळी तिच्या बाजूनं. प्राचार्यांनी माईक परत सरकवला. त्यांच्या पेनाची हालचाल मी बघितली. दोन आकडे. चटकन.

अडीच वाजता मुख्याध्यापकांच्या खोलीत बसलो. तर्री-पोहे आले. संयोजकांनी तीन गुणपत्रकं शेजारी शेजारी मांडली.

"मॅडम, चौदाले शेहेचाळीस? सरांचे एकोणतीस आहेत. एवढा फरक वर गेला तर विचारणा होते."

"ती चांगली बोलली," मी म्हणाले.

"बोलली ना! कोण नाही म्हणते? तुमच्या लोकांत बोलणं उपजतच असते." ते हसले. प्राचार्यही हसले. प्राध्यापक पोह्यांवर लिंबू पिळत होते. "पण मांडव कोणाचा आहे? घ्या, करून टाका."

त्यांनी पेन्सिल उलटी करून माझ्या हातात दिली.

मी खोडलं. एकतीस लिहिले. रबराचा भुगा फुंकला. सही केली. कोणी मारलं नाही, धमकावलं नाही, नोकरीचं नाव काढलं नाही. एक मिनिटही लागलं नसेल. मग पोहे खाल्ले. हेही लिहिलं पाहिजे.

यजमान शाळेचा मुलगा पहिला आला. तो आता जिल्ह्याला जाणार. चौदा नंबरला उत्तेजनार्थसुद्धा नाही.

मी फाटकाकडे निघाले. ती आणि तिची आई लिंबाखाली उभ्या होत्या. पोरगी पळत आली.

"मॅडम, माह्यं काय चुकलं?"

याचं उत्तर परीक्षकांच्या जिभेवर तयार असतं. "हावभाव थोडे कमी पडले. सराव वाढव."

तिनं मान डोलावली. खोटं वाटलं नाही तिला. मी बाई होते, तिच्यासारख्या रंगाची होते, परीक्षक होते. माझं बोलणं कशाला खोटं वाटावं तिला?

थोडा विचार करून ती म्हणाली, "मंग पुढच्या साली कोणाकडून तरी लिहूनच आणतो."

ती आईकडे गेली. मी फाटकात उभी राहिले. ऑटोवाला विचारत होता, बाई, येता का? मी हातानंच त्याला पुढे जायला सांगितलं.

प्राचार्यांना जे जमलं नाही ते मी केलं. त्यांनी हॉलसमोर विचारलं, तरी ती आपल्या गोष्टीवरून हलली नव्हती. मी फाटकाशी, मऊ आवाजात, एका वाक्यात हलवली. चाळीस वर्षांपूर्वी दाराशी उभे राहिलेले गुरुजी निदान गप्प तरी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत रजेचा निरोप दिला आणि साडेसहाची एस.टी. पकडली. तिचं गाव फाट्यापासून दीड किलोमीटर आत. घरापुढे आई कंबरेला वेचणीची ओटी बांधत होती. पोरगी भांडी घासत होती. मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं. तुझं काही चुकलं नव्हतं. माझ्या कागदावर तू पहिली होतीस. मी खोडून एकतीस केले. हावभावाचं बोलले ते खोटं.

आईनं ओटीची गाठ मारली. "तुमच्याच हातानं खोडलं?"

"हो."

"आमच्यातल्याच ना तुमी?"

"हो."

 आईनं भाकरीचं फडकं उचललं. पोरीनं राखेचा हात भाताच्या गंजावर तसाच ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"मंग हे काल तिथं काऊन नाई सांगतलं, मॅडम? माईक तं तुमच्यासमोरच होता."

  "होता," मी म्हणाले.

"निकाल बदलन का?"

"नाही."

"मंग?"

"मग तू कोणाकडून लिहून आणू नको. एवढंच सांगायला आले."

ती पुन्हा गंज घासू लागली. ऐकलं की नाही, कळलं नाही. कदाचित पोरगी पुन्हा कधी स्टेजवर बोलणारही नाही. आईनं तिला हाक मारली, "चाल वं, उशीर होते." त्या दोघी शेताकडे गेल्या. शुक्रवार होता, शाळेचा दिवस. कालचा बुडालेला रोज भरून काढायचा होता.

फाट्यावर बसची वाट बघत मी पर्स मांडीवर घेऊन अर्ज लिहिला. चौदा क्रमांकाचे गुण शेहेचाळीसचे एकतीस केले, ते मी केले. दोन वर्षांपूर्वी माझ्या शाळेसाठी असंच केलं, तेही मीच. कोणाच्या सांगण्यावरून, त्यांची नावं खाली. अर्जातलं पहिलं नाव माझं. शेवटी एक परिच्छेद जोडला: यापुढे मला परीक्षक म्हणून बोलावलं जाणार नाही, हे मी जाणते. तरी तालुक्यातल्या प्रत्येक जाहीर स्पर्धेला मी श्रोता म्हणून येईन, प्रत्येक स्पर्धकाला गुण देईन, आणि निकाल लागल्यावर माझे गुण जागेवर उभी राहून मोठ्यानं वाचीन.

साडेदहाला तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात पोचले. आवक टेबलावरच्या बाबूनं अर्ज पूर्ण वाचला. मग चष्मा काढला.

"मॅडम, याच्यात तं तुमीच फसता."

"हो."

"निकाल काही बदलत नसते याच्यानं. उलट नोटीस तुमच्याच घरी येईन. नोकरीची सहा वर्षं राह्यली न तुमची? घेऊन जा वापस. मी पाह्यलाच नाई असं समजा."

तो खरंच भल्यासाठी सांगत होता.

"शिक्का मारा," मी म्हणाले. "दोन्ही प्रतींवर. एक त्या पोरीला द्यायची आहे."