झिजलेला गज

श्रीवर्धनच्या बंदरावर सरकारी कंपनीची डिझेलची टाकी होती. रोज सकाळी तिच्यात लोखंडी गज बुडवून तेल मोजणारे एक गृहस्थ मला शाळेत शिकवायला जाताना दिसत. ते गजाला खडू फासत, ओली रेघ दोनदा बघत आणि आकडा मोठ्याने म्हणूनच वहीत लिहीत. ऐकायला माझ्याशिवाय कोणी नसे.

एकदा त्यांनी माझी फूटपट्टी मागून घेतली. तळावर आपटून आपटून गज खालून अर्धा इंच झिजला होता, त्यामुळे त्यावरच्या मापाच्या खुणा तेवढ्याच खाली आल्या होत्या.

"मास्तर, म्हंजे इतकी वर्षं मी तेल जास्तच लिवलं."

"कोणाला कळलंय?"

"मला कळलंय ना!"

त्यांनी स्वतःच वर कळवलं. महिन्याभरात त्यांची बदली झाली. नवा माणूस त्याच गजाने मोजतो. आकडा मात्र मनातल्या मनात वाचतो.