तुमचा आवाज तुटतोय

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. आणि ज्याला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं तो माझा नवरा आत्ता अंगणात पाण्याची मोटर खोलून बसलाय, त्याला तर नाहीच. तशी मी तोंडाची फटकळ. सांगलीच्या विश्रामबागेत खाणावळ चालवते, कॉलेजच्या पोरांना ओरडून ओरडून जेवू घालते. घुटमळत बोलणं माझ्या स्वभावात नाही. तरी इथं घुटमळेन, हे मला आधीच दिसतंय.

मी नवऱ्याशी फोनवर एक खोटं बोलले. एवढंच. ऐकायला किती किरकोळ वाटतं — नाही?

प्रकाश — समोर मी अहोच म्हणते, कागदावर एकेरी नाव घ्यायला काय हरकत आहे — तेव्हा मालवाहू जहाजावर फिटर होता. माझं माहेर पाटणकडचं. तिथं घरटी एक माणूस पलटणीत. माझा भाऊ हवालदार, चुलते निवृत्त सुभेदार. लग्नात सगळे विचारायचे, जहाजावर म्हणजे नेमकं करतो काय गं? मी मान ताठ करून सांगायची, जग फिरतो. हळदीकुंकू असो, बारसं असो, कुठलाही विषय निघाला की मी तो जहाजावर नेऊन ठेवायची. नणंद चिडवायची, "वहिनी, जहाज दादा चालवतो का तू?"

त्याचा फोन आला की तो स्पीकरवर. आमच्या घरचा रिवाजच तो. जहाजावर वायफाय लागलं की व्हॉट्सअ‍ॅपवरून फोन यायचा, मग सासूबाई, नणंद, शेजारीण, सगळ्या भोवती गोळा. काय जेवलास, कुठलं बंदर, थंडी आहे का. नवराबायकोचं असं त्यात काही उरायचं नाही, आणि मला त्याचं काही वाटायचंही नाही. मला चार लोकांना ऐकवायचंच असायचं.

त्या दुपारी नणंदेचं डोहाळजेवण होतं. घर बायकांनी भरलेलं, पाटणहून भाऊ-भावजय आलेले. फोन वाजला, मी ऐटीत स्पीकर लावला. पलीकडून प्रकाश म्हणाला, "स्पीकर काढ." बाकी काही नाही. मी हसत सासूबाईंना म्हणाले, "आवं, आमचं कायतरी गुपित हाय," आणि मागच्या दारी गेले. बायका हसल्या.

मागच्या दारी धुण्याच्या दगडापाशी मी काय ऐकलं — ते सांगायलाच बसलेय, आणि बघा, डोहाळजेवणाचंच सांगत बसले.

आधी समुद्राचं सांगते. तेही मला त्यानंच सांगितलंय, पुढं बऱ्याच काळानं. जहाजावरून माणूस पाण्यात गेला तर आपल्याला वाटतं, तो हाक मारेल आणि एसटी थांबवावी तसं जहाज थांबवतील. तसं होत नाही. एवढं धूड थांबायला आणि वळायला वेळ लागतो, तोवर माणूस लांब मागं राहिलेला असतो. लाटांमध्ये त्याचं डोकं म्हणजे तरंगता नारळ, दिसेल तर दिसेल. गार पाण्यात हातपाय आखडतात, पट्टीचा पोहणाराही दमतो. आणि पडताना कुणी बघितलंच नसेल तर ड्यूटी बदलताना कळतं की एक माणूस कमी आहे. कृष्णेत पोहायला शिकलेल्या प्रकाशला हे सगळं माहीत होतं. भीती त्याला पाण्याची नव्हती.

"मला माझीच भीती वाटायला लागलीय," तो म्हणाला. "झोप न्हाई, घास उतरत न्हाई. कठड्यापाशी गेलो की वाटतं, आता पुरे. शोभा, मला परत बोलाव. तू हो म्हण, मी आत्ता कॅप्टनला सांगतो." आणि तो रडला. मोठ्यानं नाही. नुसतं नाक ओढल्यासारखं.

मला प्रत्येक शब्द ऐकू आला. अगदी शेजारी बसून बोलल्यासारखा. मागं इंजिनाची घरघरसुद्धा येत होती.

आणि मी म्हणाले, "हॅलो? हॅलो? अहो, तुमचा आवाज तुटतोय. काहीच कळंना झालंय." आणि फोन ठेवला.

का? घाबरले म्हणून? थोडी घाबरलेही. पण खरं सांगू — मला राग आला. नवरा रडतोय याचा राग. बाहेरच्या खोलीत हवालदार भाऊ बसलेला, आणि मी आत जाऊन काय सांगायचं? की जग फिरणारा आमचा माणूस घरी यायचं म्हणून रडतोय? त्याच्या जिवापुढं मी माझी ऐट धरली. दुसरं कारण नाही, आणि मी ते शोधतही नाही.

आत गेले, "रेंज गेली," म्हणाले. नणंदेची ओटी भरली, पंगत वाढली. संध्याकाळी त्याला मेसेज केला — दुपारी काही ऐकू आलं नाही, विशेष काही नव्हतं ना? म्हणजे तेच खोटं पुन्हा, आणि या वेळी सावकाश, एकेक अक्षर टाइप करून. पळवाटही मीच काढून दिली. उत्तर आलं, "नाही. विशेष काही नाही."

मग बरेच दिवस फोन नाही. भाकरी थापता थापता हात थांबायचे. औंधला जाऊन यमाईची ओटी भरून आले. पण जहाजाच्या कंपनीला फोन केला नाही. नंबर फ्रिजवर चिकटवलेला होता, येता-जाता दिसायचा. देवीला सांगितलं, माणसांना नाही — याला काय म्हणायचं? मी भित्रेपणा म्हणते.

त्याला वाचवलं जहाजावरच्या म्हाताऱ्या स्वयंपाक्यानं. केरळकडचा माणूस, हिंदीही मोडकीतोडकी. प्रकाशचं ताट रोज तसंच परत येतंय हे त्याच्या ध्यानात आलं, मग एकदा तो डेकवर एकटाच उभा दिसला. त्यानं सरळ विचारलं, मरायचं डोक्यात आहे का? प्रकाश हो म्हणाला. त्यानं त्याला स्वयंपाकघरात नेऊन बसवलं, एकटं सोडलं नाही, आणि कॅप्टनला सांगितलं. पुढच्या बंदरात उतरवून त्याला घरी पाठवलं. इथं सांगलीत डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, बोलणं झालं. वेळ लागला. आज तो ठणठणीत आहे. ऊसवाल्यांच्या मोटरी दुरुस्त करतो, आणि झोपला की लय घोरतो.

आणि तो यातलं काही लपवत नाही. जहाजावर निघालेली पोरं आईबापांना घेऊन त्याला भेटायला येतात. त्यांना तो सांगतो, "डोक्यात तसलं आलं तर सांगून टाकायचं रं. कुणालाबी. लाजायचं न्हाई. मी हिला सांगितलं हुतं, पर रेंज गेली. हिच्या कानावर पडलं असतं तर हिनं मला तिथनं उचलून आणलं असतं."

मी तेव्हा चहा देत असते. त्या पोरांच्या आया माझ्याकडं कौतुकानं बघतात. एकदा एकीनं माझा हातच धरला. "नशीबवान हाय तुमचा माणूस," म्हणाली. मी तिला विचारलं, चहाला साखर पुरेशी आहे का.

खाणावळीत एखादं पोर ताटातलं चिवडत बसलं की मी आता त्याच्या शेजारी जाऊन बसते. तोंडावर विचारते — जगावंसं वाटत नाही का तुला? विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नवीन काही शिरत नाही. बहुतेक पोरं तसं काही नाही ओ काकू म्हणून हसतात. एखादं मात्र बोलायला लागतं, ते थांबतच नाही. तशांना मी स्वतः डॉक्टरांकडं घेऊन गेलेय, पुढंही जाईन. हे काम चांगलं आहे आणि मला ते जमतं. पण त्या दुपारचं त्यानं काही फिटत नाही.

प्रकाश रोज दुपारी कामावरून फोन करतो. कुणाच्या तरी विहिरीवर पंप धडधडत असतो, वारा असतो. मी फोन उचलते आणि तो तोंड उघडायच्या आत म्हणते, "ऐकू येतंय." त्याला हसू येतं. म्हणतो, "अगं, मी अजून बोललोच न्हाई."

त्या दुपारीही ऐकू येत होतं.