अण्णांच्या छातीची उंची

दगडफूल आपल्याला मसाल्याच्या डब्यातून माहीत असतं. सांगलीच्या एका कॉलेजात शिकवता शिकवता मी त्याच दगडफुलांचा आणि त्यांच्या भाऊबंदांचा अभ्यास करते. वाईच्या खालच्या रानापासून महाबळेश्वरच्या माथ्यापर्यंत काही झाडं ठरवून ठेवली आहेत. दर हिवाळ्यात त्याच झाडांपाशी जायचं आणि उंचीप्रमाणे खोडावरची दगडफुलं कशी बदलतात ते पाहायचं. त्यासाठी चौकटी आखलेला पारदर्शक कागद खोडाला लावून धरावा लागतो. तो धरणारा माणूस म्हणजे माझे वडील.

अण्णा फौजेतून निवृत्त होऊन वाईजवळच्या आमच्या गावी राहतात. त्यांना रिकामं बसवत नव्हतं आणि मला फुकटात माणूस हवा होता. पहिल्या झाडापाशी मी सांगितलं, कागद छातीच्या उंचीवर धरायचा.

"कुणाच्या छातीच्या?"

"तुमच्याच धरा," मी वैतागून म्हणाले. ते माप कायमचं ठरलं.

शास्त्रातली नावं त्यांनी पहिल्याच दिवशी नामंजूर केली. खालच्या कोरड्या रानात सालीला चुन्याच्या डागासारखी चिकटून असतात ती 'झोपल्याली'. घाटाच्या मध्यावर सालीपासून सुटून पानासारखी पसरतात, मसाल्यात पडतात, ती 'बसल्याली'. आणि माथ्यावर, जिथं धुकं दुपारपर्यंत हलत नाही, तिथं फांद्यांवरून दाढीसारखी लोंबतात ती 'हुबी'. ती उभी नसतात, लोंबतात, असं मी सांगून पाहिलं.

"उलटी हुबी हायत," अण्णा म्हणाले. विषय संपला.

माथ्यावरची झाडं त्यांची सगळ्यात लाडकी. वर जायचं म्हटलं की आदल्या दिवशी बुटांना पॉलिश व्हायचं. मग एका हिवाळ्यात तिथंच, शेवटच्या चढावर, ते खोडाला टेकले आणि कागद झाडाऐवजी स्वतःच्या छातीशी धरून उभे राहिले. मी फार घाबरले.

डॉक्टरांनी हृदय थकल्याचं सांगून चढ बंद केला. मी डॉक्टरांशी भांडले, कारण हृदयाशी भांडता येत नव्हतं. पुढच्या हिवाळ्यात अण्णा घाटाच्या मध्यापर्यंतच आले, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात पायथ्यापर्यंत. तेही जमेना तेव्हा मी गावाच्या शिवेवरचं एक झाड अभ्यासात घेतलं. कॉलेजातल्यांनी कारण विचारलं. मी म्हणाले, तुलनेसाठी.

अण्णांना तेवढ्यानं फसवता येत नाही.

"तुजं रान खाली यायला लागलंय व्हय?"

"व्हय. हवामान बदलतंय."

"मग बराबर हाय," ते म्हणाले आणि कागद धरला.

यंदा शिवेपर्यंतही चालवेना. आमच्या परसात एक आंबा आहे, तो मी अभ्यासात घेतला. शास्त्राला त्याचा काडीचा उपयोग नाही. अण्णा खुर्चीवर बसले, मी सवयीनं कागद नेहमीच्या उंचीवर लावला.

"माजी छाती हितं हाय," ते म्हणाले.

मी खाली बसून कागद त्यांच्या बसल्या छातीसमोर धरला. ते वाकून चौकटी बघत राहिले. मग म्हणाले, "समदी झोपल्याली हायत." मला एकदम रडू आलं. मी मान खाली घातली, तरी ते त्यांना दिसलंच.

"वर कागद कोन धरतंय आता?"

"सुतळीनं बांधते."

"कुणाच्या छातीला?"

"तुमच्याच. आवं, तुमी हुबं असताना जितं हुती, तितंच."

त्यांनी मान हलवली, कागदाची गुंडाळी करून माझ्या हातात दिली.

"जा मग. ऊन व्हायच्या आत वर पोच. आन् त्या हुब्यांना सांग, आमचा म्हातारा नुसता बसलाय. झोपला न्हाई अजून."