हळद लावलेली कार्डं
लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यावरच्या हळदीचा वास आला की मला बाबांची व्हिजिटिंग कार्डं आठवतात. पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल. रत्नागिरीतलं सोनाराचं दुकान बंद ठेवून बाबा हाँगकाँगच्या दागिन्यांच्या प्रदर्शनाला निघाले होते. कार्डाशिवाय तिथे आत सोडत नाहीत, म्हणून त्यांनी ती मुद्दाम छापून घेतली, आणि आईने एकूण एक कार्डाला हळदकुंकू लावलं. "अगो, ह्या काय लग्नपत्रिका आहेत?" बाबा ओरडले. "पहिल्यांदाच परदेशी चाललात, कोरी कशी द्यायची?" आई म्हणाली. नवी छापायला वेळ नव्हता. परत आल्यावर मात्र बाबा हसत तिला म्हणाले, "जो तो विचारायचा, हे पिवळं काय? मग मी तुझ्याबद्दल सांगत बसायचो." आता त्या प्रदर्शनांना मी जाते. माझं कार्ड गुळगुळीत, पांढरंशुभ्र. घेणारा ते न बघताच खिशात टाकतो.