कुकरमधली सहाण

सासूबाईंनी गावाहून आणलेली सहाण मी प्रेशर कुकरमध्ये घातली आणि चार शिट्ट्या होऊ दिल्या, त्या दिवशी आमचं खरं भांडण सुरू झालं. त्याआधी नुसती कुरबुर होती.

साल १९८९. शांती नगरात एक खोली आणि स्वयंपाकघर एवढं आमचं घर. पाणी टँकरचं. मी भाईंदरच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवायचे आणि मला सातवा महिना लागला होता. माझी आई हयात नव्हती, त्यामुळे पहिलं बाळंतपण असूनही ते सासरीच होणार होतं. त्यासाठी सासूबाई रत्नागिरीकडून आल्या. वाडीतलं प्रत्येक तान्हं मूल त्यांच्या पायांवर न्हालेलं होतं. आपल्या हातांचा त्यांना अभिमान होता आणि माझ्या पुस्तकांचा राग. मला त्या आवडत नव्हत्या, त्यांना मी. हे लपवण्याइतकं आमचं घर मोठं नव्हतं.

सहाण आणली होती बाळगुटी उगाळायला. तिच्या खाचांत कित्येक वर्षांचं वेखंड आणि हळकुंड बसलेलं. मी ती उकळली म्हणून त्यांनी जिन्यात शेजारणींना सांगितलं, "आमच्या मास्तरीणबाईंनी दगड शिजवला. उद्या पाट्याची आमटी करतील." बायका हसल्या. मग घरात येऊन मला विचारलं, "दगडाला कसले गो जंतू?"

वर्गात सांगते तेच मी त्यांना सांगितलं. पोटात असेपर्यंत बाळाला एकही जंतू भेटत नाही. जे भेटतात ते बाहेर आल्यावर, आपल्या हातून. 'आपल्या' म्हणताना मी त्यांच्या हातांकडे पाहिलं, आणि ते त्यांना कळावं म्हणूनच पाहिलं.

त्यांचं म्हणणं नेमकं उलट होतं. बाळाला जे काही होतं ते आईच्या पोटातूनच घेऊन येतं ते. तिच्या खाण्यातून, बसण्याउठण्यातून, हट्टातून. मी फरशीवर बसून सहामाहीचे पेपर तपासायचे, तेव्हा त्या दिवसातून चार वेळा मला आडवी हो म्हणायच्या. मी होत नसे.

रजा सुरू व्हायला चार दिवस असताना, एका दुपारी पेपर तपासता तपासता अंगावरून पाणी जायला लागलं. थोडंसंच. ते काय असेल याची मला शंका आली होती. पण सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, बघ, सांगत होते. ते ऐकावं लागू नये म्हणून मी उठून साडी बदलली आणि गठ्ठा पुरा केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळा सुरू झाल्या तेव्हा बोलले. प्रसूतिगृहात डॉक्टरबाईंनी विचारलं, पाणी कधीपासून जातंय? सासूबाई दारातच उभ्या होत्या. मी म्हणाले, आज दुपारपासून.

मध्यरात्रीनंतर मुलगा झाला. सकाळी सासूबाईंनी पिशवीतून तीच सहाण काढली, मधात सोन्याची अंगठी उगाळली आणि बोटाने त्याला चाटवलं. मी पडल्या पडल्या पाहत होते. दुपारी तो प्यायचा थांबला. त्याला मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयात हलवलं, आणि तिथे तो तिसऱ्या दिवशी गेला.

माझे पती रुग्णालयातून परत आले तेव्हा एकच शब्द बोलले. इन्फेक्शन. सासूबाईंनी आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे पाहिलं. मी ते पाहिलं आणि म्हणाले, "सहाण मी उकळली होती, आई. तुमचं बोट नव्हतं उकळलेलं."

त्यांनी ते बोट पदरात झाकलं. मला बरं वाटलं होतं, हेही लिहायला हवं.

सव्वा महिन्याने तपासणीला मी एकटीच गेले. डॉक्टरबाईंनी पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि या वेळी मी खरं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. नर्सने ठेवलेल्या नोंदीत बाळाचा पहाटेचा ताप लिहिलेला होता. मधाच्या आधीचा. म्हणाल्या, जंतू बहुतेक जन्माआधीच त्याच्यापर्यंत पोचले होते. नक्की सांगता येणार नाही, पण पाणी इतका वेळ गेलं की ते खालून वर चढतात. मी म्हणाले, गर्भात तर जंतू नसतात, मी मुलांना तसंच शिकवते. "पिशवी शाबूत असेपर्यंत," त्या म्हणाल्या. मग माझा कोरा चेहरा पाहून, दोष कोणाचा नाही, असंही म्हणाल्या.

घरी मी सांगितलं, सगळं ठीक आहे.

पुढे आठ वर्षं आम्ही त्याच घरात राहिलो. बिल्डिंगमधल्या बायका बाळाला न्हाऊ घालायला त्यांना बोलवायच्या, कारण मालिश करणारी बाई मिळत नसे. "माझ्या हाताला गुण नाही," म्हणून त्या दार लावून घ्यायच्या. मला मुलगी झाली तेव्हा तिला त्यांनी तीन महिने हात लावला नाही. कोपरापर्यंत हात धुवायच्या आणि तसेच ओले हात घेऊन दुरून पाहायच्या. मी बोलवलं नाही.

निवृत्त झाल्यापासून मी सवयीने याच विषयावरचं वाचत असते. निरोगी गर्भातही जंतू असतात असं काही तज्ज्ञ म्हणतात. बाकीचे म्हणतात, तुम्हाला सापडले ते गर्भातले नाहीत, तुमच्याच हातांचे आणि भांड्यांचे आहेत. हा वाद वाचताना मला आमचं स्वयंपाकघर दिसतं. फक्त त्या वादात कोणाचं मूल गेलेलं नसतं.

सत्त्याण्णव साली सासूबाई अंथरुणाला खिळल्या. एका सकाळी मी त्यांना पेज भरवत होते. त्या घास तोंडात धरून थांबल्या, मग म्हणाल्या, "बोट मी धुतलं होतं गो. साबणाने, दोनदा. तुझाच साबण होता."

मी म्हणाले, "आधी गिळा."

त्यांनी गिळलं.

त्यानंतर त्या चार दिवस शुद्धीवर होत्या. तो मधाच्या आधीच आजारी होता, एवढंच सांगायचं होतं. त्याला अर्धं मिनिटही लागलं नसतं. पण ते सांगितलं असतं तर पाण्याचं सांगावं लागलं असतं, गठ्ठ्याचं सांगावं लागलं असतं, आणि त्या म्हणाल्या असत्या, बघ, सांगत होते. चार दिवस मी पेज भरवली, चमचा उकळून घेऊन.