काकूंची बाजू

आमच्या कॉलनीतलं कोणतं घर कोणाला मत देतं हे मला तोंडपाठ आहे, असा माझा समज होता. हिंदी मुलखातल्या एका शहराच्या कडेला, कारखान्यातून रिटायर झालेल्या मराठी माणसांनी सोसायटी करून बांधलेली ही घरं. मूळ बहुतेकांचं अमरावती-वर्ध्याकडचं, बोलणं अर्धं हिंदी झालेलं, पोरं पुण्या-बंगळूरला गेलेली. निवडणूक आली की मी पक्षाच्या कामाला लागायचो. आमच्या पक्षाला मी इथे ‘आमचेवाले’ म्हणतो आणि दुसऱ्यांना ‘तिकडचे’. नावं घेतली की चहाला बोलावणं बंद होतं. पेन्शन वेळेवर सुरू झालेले आमचे, नाली तुंबलेल्या ओळीतले तिकडचे, दुकानवाले ज्याची हवा त्याचे, असा माझा हिशोब. राइट टाउनातल्या आमच्या नेत्याला मी तो अशा थाटात ऐकवायचो, जणू मीच मशीनच्या आत बसलेलो असतो. दर वेळी तो चुकायचा. माझ्या स्वतःच्या घरातलाही चुकत असावा. बायकोला एकदा विचारलं, तर म्हणाली, “गुप्त असते ना मतदान? मग काहून विचारून राहिले?”

एकाच घराच्या बाबतीत मी कधी चुकलो नाही. शेजारचे काकाजी आमचे, आणि काकू तिकडच्या. लग्नापासूनच्या. दोघं एकाच स्कूटरवर बसून मतदानाला जायची आणि परत आल्यावर काकाजी फाटकातूनच सांगायचे, “चला, एकमेकांना कॅन्सल करून आलो.”

“मग जाताच कशाला?” मी विचारायचो.

“हा घरी बसला अन् मी गेले तर?” काकू म्हणायच्या. “म्हणून येते हा माझ्या मागेमागे.”

काकू नवऱ्याला अरे-तुरे करायच्या, तेही आमच्या कॉलनीत एकट्याच.

त्यांचा एक नियम होता. जायचं तर दोघांनी, नाहीतर कोणीच नाही. एका निवडणुकीत काकूंना ताप होता. मी पक्षाची जीप घेऊन दारात उभा राहिलो. काकाजी बाहेर आले ते बनियनवरच.

“नाही बाबू. ती पडून आहे अन् मी मत टाकून येऊ? बेइमानी आहे ते.”

आतून काकूंचा आवाज आला, “ने रे त्याला. तसेही पडणारच आहेत तुमचेवाले.”

काकाजी गेले नाहीत, आणि आमचेवाले पडले.

खरी निवडणूक त्यांच्या वऱ्हांड्यात व्हायची, रोज संध्याकाळी, टीव्हीचा आवाज बंद करून. बातमी तो दाखवायचा, बोलायची ही दोघं. मधे एक भिंत आणि जाळी, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू यायचं. काकाजी आवाज चढवायचे. काकू चढवायच्या नाहीत, म्हणून जिंकायच्या.

मागच्या थंडीत काकू गेल्या. काही महिन्यांनी निवडणूक लागली. काकाजींनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं की मी यंदा जाणार नाही. नियम तो नियम. पण मला तेव्हा आमच्या ओळीतून शंभर टक्के मतदान काढायचं वेड लागलं होतं. कमानिया गेटच्या बाजारातून झेंड्यांचा गठ्ठाच आणला होता, उरलेले अजून माळ्यावर आहेत. मतदानाच्या सकाळी मी काकाजींकडे गेलो आणि अगदी आनंदाची बातमी द्यावी तसं म्हणालो, “काकाजी, आता कॅन्सल करणारं कोणी नाही. तुमचं मत यंदा पूर्ण आपलं.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग आत जाऊन शर्ट घालून आले. मला वाटलं, पटलं. जाळीपाशी कपडे वाळत घालणारी माझी बायको हळूच म्हणाली, “बोलता येते म्हणून काहीही बोलता तुम्ही.” ‘गाडी काढू दे, मग बोल,’ असं मी तिला सांगितलं आणि गाडी काढल्यावर ऐकायला थांबलो नाही.

परत येताना गाडीत काकाजी आपणहून म्हणाले, “आपल्यालाच दिलं.”

निकाल लागला. आमचेवाले निवडून आले. संध्याकाळी मी खव्याची जलेबी घेऊन काकाजींकडे गेलो. ते वऱ्हांड्यात एकटे बसले होते, टीव्हीचा आवाज नेहमीसारखा बंद.

“जिंकलो, काकाजी.”

“हो.” पुडा त्यांनी बाजूला ठेवला. “इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं मत उरलं बाबू. तिची पाठ फिरली अन् मी डाव साधला, असं वाटून राहिलं.”

मला गप्प बसता येत नाही. मी काकूंच्या खुर्चीत बसलो आणि म्हणालो, “निवडून येऊन करणार काय हे? पाच वर्षांत एक नाली तरी साफ केली का?”

काकाजी दचकले. “तू काहून असा बोलून राहिला?”

मी थांबलो नाही. रस्ते, सिलिंडर, शाळा, जे सुचेल ते तिकडच्यांच्या बाजूने बोलत सुटलो. फाटकाबाहेरून आमच्याच पक्षाचा एक जण चालला होता. तो थबकला. “क्या भैया, पार्टी बदल ली?” मी त्याला हातानेच जायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ही बातमी शहरातल्या गोरखपूर मोहल्ल्यापर्यंत पोचली होती.

“तसं नाही म्हणायची ती,” काकाजी म्हणाले. “नालीवर नाही यायची पहिले. रेशनच्या दुकानापासून धरायची. म्हणायची, तांदूळ आधी कसा होता अन् आता कसा आहे, ते शिजवणारीला विचार, भाषण देणाऱ्याला काय विचारतो.” खुर्चीच्या हातावर ते बोट आपटत होते, तसं काकू आपटायच्या. “मग मी म्हणायचो, अगं, पण रस्ता झाला की नाही? तर ती म्हणायची, झाला ना. त्या रस्त्यानं पोरगा गेला पुण्याला, आता वापस यायला पण तोच रस्ता आहे म्हणून सांग त्याला. मग मी म्हणायचो, त्यात सरकारचं काय? तर ती…”

ते थांबले. टीव्हीवर हार घातलेला कोणीतरी हात जोडत होता.

“काय म्हणायची रे ती यावर?”

भिंतीपलीकडून मी हे भांडण वर्षानुवर्षं ऐकलं होतं. पण मी फक्त मत कोणाचं, एवढंच ऐकत होतो. मला एकही वाक्य आठवेना.

“मला नाही आठवत, काकाजी.”

“उद्या ये,” ते म्हणाले. “तोवर आठवून पाहतो.”