दाट

पन्नाशी उलटली तरी धाकटीला घरात सगळे धाकटीच म्हणत. स्तनांच्या तपासणीच्या खोलीत तिची सगळी नोकरी गेली. मॅमोग्राफीची थंडगार पट्टी बाईच्या अंगाला लागण्याआधी ती स्वतःचे तळवे टेकवून ती कोमट करी. ही सवय थोरल्या बहिणीमुळे लागलेली. "मेले, आधी गारठवतेस आणि मग इस्त्री करतेस," तपासणीला आलेली थोरली करवादली होती.

थोरलीच्या रिपोर्टात गाठ नव्हती. स्तनांमधलं ऊतक दाट आहे, एवढंच लिहिलं होतं. तिने आपल्या उंदराच्या शेपटाएवढ्या वेणीवरून हात फिरवला आणि म्हणाली, डोक्यावर नाही तर नाही, कुठेतरी दाट आहे म्हणायचं. दोघी पोट धरून हसल्या. पुढची तपासणी करायला तेव्हा तिथे यंत्रच नव्हतं. गाठ हाताला लागली तोवर उशीर झाला होता. थोरलीमागे धाकटीला हक्काने 'मेले' म्हणणारं कुणी उरलं नाही.

यंदा थोरलीची लेक तपासणीला आली. तिच्याही रिपोर्टात तोच शब्द आला. डॉक्टरबाईंनी नव्या यंत्रावर सोनोग्राफीही करून घ्यायला सांगितलं, तर भाचीने पर्स उचलली.

"दिसलं नाही ना काही? मग झालं तर, मावशी."

"दाट भाग फोटोत पांढरा दिसतो गं, आणि गाठही पांढरीच. सोनोग्राफीत गाठ काळी दिसते. म्हणून दोन्ही करायच्या."

नसतंच काहीतरी दिसलं तर फुकटचा घोर लागेल, असं भाचीचं म्हणणं. तसंही होतं, धाकटीने कबूल केलं. कधी साधीच गाठ निघते आणि सुई टोचून तपासल्यावरच जिवात जीव येतो. भाची दाराशी घुटमळली.

"तू मला तपासतेयस की आईला?"

धाकटीने जेलची बाटली हातात घेतली. "तुला," ती म्हणाली. मग हळूच, "तिलाही. तिची राहिली ना."

भाचीने पर्स खुर्चीवर टाकली आणि हात डोक्यावर घेऊन उताणी झोपली. धाकटीने जेल लावून यंत्राचं रुंद डोकं नीट टेकवलं. पुढे ते आपलं आपण संथ सरकत राहिलं. तिला मात्र पडद्यापेक्षा भाचीचा खांदाच दिसत होता. हुबेहूब थोरलीचा.

डॉक्टरबाईंना खोलवर एक काळा ठिपका सापडला. बारीक होता, साधाही असेल, पण सुईने तपासायलाच हवा, असं त्या म्हणाल्या. भाची पडद्याआड कपडे घालायला गेली. थोड्या वेळाने आतून हाक आली, स्वर लांबवत, थोरली मारायची तशीच.

"एऽ, बटण लागत नाहीये, ये ना जरा."

"आले गं ताई," धाकटी बोलून गेली.

आतली सळसळ थांबली. मग भाची म्हणाली, "ये."